निसर्ग वादळाला पाच वर्षं झाली... लॉकडाऊनच्या निळ्या आभाळाने आपल्याला नेमकं काय शिकवलं?

पोफळवाडी | ५ जून, सकाळी ८:५०

परवा ३ जूनला निसर्ग वादळाला पाच वर्षं झाली. मामाने घरच्या ग्रुपवर वाडीचा तेव्हाचा एक फोटो टाकला, खाली अक्षर नाही. आणि आज पर्यावरण दिन, तर त्याच ग्रुपवर सकाळपासून हातात रोप घेतलेले फोटो येतायत. त्यावरून डोक्यात जे चाललंय ते इथे टाकतोय, विस्कळीत आहे, सांभाळून घ्या.

२०२० च्या एप्रिलमध्ये आम्ही पुण्यात घरात अडकलेलो. दिवसभर काम काय, तर फॉरवर्ड. जालंधरच्या गच्चीवरून दिसणारे धौलाधारचे बर्फाचे डोंगर, नवी मुंबईच्या खाडीत गुलाबी फ्लेमिंगो, रस्त्यावर मोर. "पृथ्वी श्वास घेतेय, माणूसच खरा व्हायरस." मी पण पाठवलेत, खोटं कशाला बोलू, गच्चीवरून सिंहगड स्वच्छ दिसला तर त्याचाही फोटो काढून दहा ठिकाणी टाकला होता. मग दोन महिने होतायत न होतायत तोवर मामाच्या गावावर वादळ आलं आणि त्याचं नाव काय, तर निसर्ग.

वाडी श्रीवर्धन तालुक्यात. माड, पोफळी (सुपारीची झाडं), मधे जायफळं नि मिरीचे वेल, कोकणात असतं तसं. दुपारी वारा सुरू झाला. मामा सांगतो की पोफळ मोडताना फट्ट असा आवाज येतो, सुतळी बॉम्बसारखा, पहिले दहावीस त्याने मोजले मग सोडून दिलं. एकशेचाळीस पोफळी होत्या, संध्याकाळी उभ्या अकरा. घराची अर्धी कौलं गेली. गावातल्या शाळेत जावं तर तिथे मुंबईहून आलेले चाकरमानी क्वारंटाइन होते, म्हणजे वाऱ्याला भ्यायचं की करोनाला हे ज्याचं त्याने ठरवायचं. आजीने ठरवलं, ती माजघरात खाटेखाली बसली. लाईट यायला महिना उलटला. पुढे मदत जाहीर झाली ती हेक्टरी पन्नास हजार, ऐकायला बरं वाटतं, पण आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत असतात हो, दहा गुंठ्यांचे त्या हिशोबाने पाच हजार. आणि पोफळ लावल्यापासून धरायला सहासात वर्षं लागतात.

आता मुद्दा. मामाच्या तोंडी पूर्वी कधी हवामानबदल हा शब्द नव्हता. आता तो गावच्या सभेत त्यावर बोलतो, समुद्र तापलाय म्हणून वादळं इकडे वळतायत म्हणतो. आणि माझे जे मित्र फ्लेमिंगो पाठवत होते ते आता म्हणतात, "अरे ते पर्यावरण वगैरे ठीक आहे, पण आता पुन्हा सगळं बंद करायचं का?" सगळं बंद करा असं कोणी सांगितलंय? पण त्यांच्या डोक्यात ते गणित पक्कं बसलंय, आभाळ निळं हवं असेल तर माणसाने घरात बसायचं. मला वाटतं लॉकडाऊनने केलेला सगळ्यात मोठा घोळ हाच. तुमचा काय अनुभव?

सदा_वाचनमात्र | ५ जून, ९:२०

छान लिहिलंय. आजी खाटेखाली हे वाचून पोटात तुटलं. वाचतेय.

आकडेमोड | ५ जून, ९:५५

मामांचं बरोबर आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या अभ्यासात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या २००१ ते २०१९ या काळात आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसलीय. बंगालच्या उपसागरात मात्र किंचित घट.

फ्लेमिंगोंचं एक सांगून टाकतो, ते दरवर्षीच येतात, लॉकडाऊन लागायच्या आधीच आलेले होते. त्या वर्षी संख्या जास्त होती हे खरं, पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या बीएनएचएस या संस्थेने तेव्हा सांगितलंही होतं, पण माणूस आत गेला म्हणून पक्षी बाहेर आले असं काही नव्हतं.

निळ्या आभाळाबद्दल पूर्ण सहमत. आपण दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या. धूळ, धूर, गाड्यांचे वायू हे हवेत काही दिवस टिकतात, गाड्या थांबल्या की आठवडाभरात आभाळ साफ. कार्बन डायऑक्साइड तसा नाही, तो शेकडो वर्षं मुक्काम ठोकतो. हौदाचा नळ जरा बारीक केला म्हणून हौद रिकामा होत नाही, भरतच राहतो, थोडा सावकाश इतकंच. २०२० च्या मे महिन्यात हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत कार्बन डायऑक्साइड ४१७ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४१७) मोजला गेला, तोवरचा उच्चांक. आपण घरात डालगोना कॉफी घुसळत होतो तेव्हाची गोष्ट.

आणि नळ तरी किती बारीक झाला? एप्रिल २०२० च्या सुरुवातीला, जगात सगळ्यात जास्त कुलूपबंदी होती तेव्हा, रोजचं जागतिक उत्सर्जन आदल्या वर्षापेक्षा साधारण १७ टक्क्यांनी खाली होतं. आता हा आकडा उलटा वाचा. विमानं जमिनीवर, गाड्या पार्किंगला, शाळा ऑफिसं बंद, लग्नं रद्द, आणि तरी ८३ टक्के चालूच. कारण वीज कोळशावर, भट्ट्या चालू, ट्रक चालू, घरोघरी शेगड्या चालू. अख्ख्या वर्षाची घट धरली तर पाच टक्क्यांच्या आसपास आणि २०२१ मध्ये तीही जवळजवळ भरून निघाली. म्हणजे लॉकडाऊनने सिद्ध केलं की घरात बसून हा प्रश्न सुटत नाही, आणि लोक नेमकं त्याच्या उलटं शिकले.

भोसरीकर | ५ जून, ११:१०

थोडं कडू लिहितो, राग मानू नका.

ते निळं आभाळ मी पण बघितलं. माझ्या शेडला कुलूप होतं म्हणून निळं होतं. भोसरीत आमचं जॉबवर्क, दोन सीएनसी, तीन लेथ, नऊ पोरं. त्यातली सहा यूपी-बिहारची. एप्रिलचे पहिले पंधरा दिवस मी त्यांना शेडवरच ठेवलं, रेशन भरून दिलं, गॅस दिला, आणि एक दिवस सकाळी गेलो तर तीनच. बाकीचे रात्रीच चालत निघाले होते नाशिक हायवेने. एकाचा फोन बऱ्याच दिवसांनी आला, इंदूरच्या पुढून, कोणाच्या तरी मोबाइलवरून, म्हणाला सेठ चप्पल तुटली आहे पण ठीक आहे. त्याच दिवशी माझ्या शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेलं की बघा किती छान हवा, वर्षातून एक महिना असंच ठेवलं पाहिजे. मला सांगा मी त्या माणसाबद्दल काय मत करून घेणार? मला त्या कार्बनशी काही वाकडं नाही. पण तुमच्या त्या सुंदर फोटोमागे माझं कुलूप होतं हे कोणाला दिसलं नाही. तेव्हापासून पर्यावरण शब्द ऐकला की मला तो मेसेज आठवतो, त्याला मी काय करू.

पोफळवाडी | ५ जून, ११:३५

भोसरीकर दादा, राग कसला. वर्षातून एक महिना वाला मेसेज बहुतेक मी पण लाइक केला होता.

टोचा | ५ जून, १२:०५

घ्या. म्हणजे आता फॉरवर्ड लाइक करणारे पण गुन्हेगार.

मुळात लोकांना कधी फरक पडत होता हो? पोट भरलेलं असेल तेव्हा पर्यावरण, नाहीतर आधी पोट. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत हीच बोंब, लोकांची हवामानाची काळजी धाडकन खाली. करोनात पण तेच झालं असणार, उगाच निळ्या आभाळावर खापर कशाला.

आकडेमोड | ५ जून, १२:५०

टोचा, तुम्ही म्हणताय त्याला अभ्यासकांनी नावही दिलंय, काळजीचा मर्यादित साठा. माणसाच्या मनात काळजीला जागा ठरलेली, एक आत शिरली की दुसरी बाहेर. २००८ नंतर तसं दिसलं म्हणून २०२० ला बहुतेकांचा तोच अंदाज होता. पण झालं वेगळंच. एप्रिल २०२० मध्ये इप्सॉस या सर्व्हे कंपनीने १४ देशांत विचारलं, तर ७१ टक्के लोक म्हणाले की लांबचा विचार केला तर हवामानबदल हे करोनाइतकंच गंभीर संकट आहे. चीनमध्ये ८७ टक्के, अमेरिकेत ५९. ब्रिटनमध्ये एका गटाला एप्रिल २०१९ ला आणि पुन्हा जून २०२० ला विचारलं, तिथेही काळजी कमी झाल्याचं फारसं दिसलं नाही. मग संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपीने ५० देशांत बारा लाख लोकांना विचारलं (मोबाइल गेममध्ये जाहिरात येते ना, त्या जागी प्रश्न टाकून, आयडिया भारी आहे) आणि ६४ टक्क्यांनी हवामानबदल ही आणीबाणी आहे असं म्हटलं.

पण, आणि हा पण मोठा आहे, २०१९ ते २०२१ चे कोट्यवधी ट्वीट तपासले तेव्हा दिसलं की करोनाचे पेशंट नि मृत्यू वाढले की हवामानबदलावरचं बोलणं कमी होतं. म्हणजे काळजी जागेवर, बोलणं बंद. घरात माणूस आजारी असताना कोणी गृहकर्जाचा विषय काढत नाही, म्हणून हप्ता चुकत नाही ना, तसं.

टोचा | ५ जून, १२:५८

सर्व्हेत हो म्हणायला पैसे पडत नाहीत.

आकडेमोड | ५ जून, १:१५

हे मात्र मान्य. आणि आपल्याकडे तर अजून गंमत आहे. येल विद्यापीठाच्या लोकांनी २०२१ च्या अखेरीस भारतात केलेल्या पाहणीत ५४ टक्के लोक म्हणाले की ग्लोबल वॉर्मिंगबद्दल थोडंसंच माहितीय किंवा कधी ऐकलंच नाही. नंतर दोन वाक्यांत समजावून सांगितलं की ते काय असतं, तर ८४ टक्के म्हणाले हो हो, हे होतंय. म्हणजे अनुभव आहे, नाव माहीत नाही. पोफळवाडींच्या मामांसारखंच.

सहावा_मजला | ५ जून, ३:३०

मी एकदम घरगुती लिहिते. कोविडच्या आधी मी रोज बसने जायचे ऑफिसला, बावीस वर्षं, कंडक्टर ओळखायचे. लॉकडाऊन उठल्यावर बस सुरू झाली तेव्हा एक सीट सोडून बसायचं, खिडक्या उघड्या, कोणी खोकलं की सगळे मागे बघणार. माझ्या मुलाने सरळ स्कूटर बुक केली, म्हणाला आई तू आता बसमध्ये चढणार नाहीस. आमच्या मजल्यावर चार घरं, २०२१ संपेपर्यंत चारही घरांत एकेक गाडी वाढली होती. करोना गेला, स्कूटर राहिली. मुंबईला माझ्या बहिणीकडे तर लोकल सामान्य माणसाला मार्च २०२० पासून बंद ती १ फेब्रुवारी २०२१ ला उघडली, तीही ठरलेल्या वेळातच. दहा महिन्यांत ज्याला परवडलं त्याने दुसरी सोय करून घेतली. गर्दीत दुसऱ्याला चिकटून बसणं हे चांगलं काम आहे असं आता कोणाला पटवणार? आम्हाला दोन वर्षं सांगितलंय की लांब राहा.

दुसरं म्हणजे ऑक्सिजन. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१, आमच्या सोसायटीत दोघं गेले. त्या आठवड्यात ग्रुपवर काय तर "झाडं तोडली म्हणून ऑक्सिजन मिळत नाहीये, आता तरी पिंपळ लावा". जूनमध्ये खरंच अठ्ठावीस झाडं लावली आम्ही टेकडीवर, बॅनर करून. परवा गेले होते, चार आहेत.

आकडेमोड | ५ जून, ३:५०

ऑक्सिजनचा तो फॉरवर्ड माझ्याही डोक्यात जायचा. हवेत ऑक्सिजन तेव्हाही २१ टक्केच होता. कमी पडला तो दवाखान्यातला, जो हवा उणे १८३ अंशांच्या आसपास थंड करून, द्रव करून वेगळा काढतात आणि टँकरने आणतात. कमी टँकर होते, कमी प्लांट होते, आणि जे होते ते लांब होते. पिंपळाचा काही दोष नव्हता बिचाऱ्याचा.

सहावा_मजला | ५ जून, ४:०५

अहो कळतंय ते. पण तेव्हा माणसं काहीतरी करायला शोधत होती. सिलिंडर मिळवून देता येत नव्हता, खड्डा खणता येत होता.

आकडेमोड | ५ जून, ४:१०

बरोबर आहे ताई. शब्द मागे घेतो.

घुमट | ५ जून, ६:४०

गोव्यातून लिहितोय. तुम्ही सगळे म्हणता करोनाने लोक गप्प झाले, आमच्याकडे उलट झालं.

७ एप्रिल २०२०, सगळा देश बंद, आणि त्या दिवशी व्हिडिओ कॉन्फरन्सवर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने मोलेंच्या जंगलातले प्रकल्प पुढे सरकवले. तिथे एकूण तीन प्रकल्प यायचे होते, रेल्वेचा दुसरा ट्रॅक, हायवे रुंद करणं, हाय टेन्शनची लाईन. घरात बसलेल्या माणसाला पेपरात हे दिसलं. एरवी गोंयकार संध्याकाळी बाहेर असतो, तेव्हा तो फोन घेऊन घरात होता. कॉलेजची पोरं, जीवशास्त्रवाली, वकील, चित्र काढणारे, सगळे ऑनलाइन एकत्र आले, मोलेंच्या फुलपाखरांची, खारींची चित्रं घराघरात पोचली. माझी पुतणी तेव्हा अकरावीत, तिने आधी मोलें फक्त दूधसागर बघायला जाताना पाहिलेलं, ती झूमवर खासदाराला पत्र कसं लिहायचं ते शिकवत होती लोकांना.

१ नोव्हेंबरच्या रात्री चांदरला रुळांवर हजारो माणसं बसली, पहाटेपर्यंत. मी होतो. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, हातात मेणबत्त्या, आणि मास्क लावून मांडो गाणं किती कठीण आहे ते त्या रात्री कळलं. माझ्या शेजारी एक म्हातारी बाय पाट घेऊन आलेली बसायला, रूळ थंड असतात म्हणून. ९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या ट्रॅकला दिलेली वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द केली.

टोचा | ५ जून, ७:०५

अभिनंदन, पण हे जंगल वाचवणं झालं. हवामानबदल कुठे आला यात?

घुमट | ५ जून, ७:३०

दुसऱ्या ट्रॅकवरून काय जाणार होतं असं वाटतं तुम्हाला? काजू? मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना. "गोंयांत कोळसो नाका" ही घोषणा करोनाच्या कितीतरी आधीची, ज्यांच्या घराच्या पत्र्यावर काळी पूड बसते त्या वास्कोच्या लोकांची. पूर्वी ती वास्कोपुरती होती. लॉकडाऊनमध्ये ती मोलेंला जोडली गेली. पण एक मान्य करतो, लोक कार्बनसाठी आले नव्हते. लॉकडाऊनमध्ये चोरून परवानगी दिली या रागाने आले होते.

सदा_वाचनमात्र | ५ जून, ७:४५

"चोरून" हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. ईआयए २०२० चा, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायच्या नियमांचा मसुदा पण असाच आला ना, २३ मार्च २०२० ला, आणि मग लाखो हरकती गेल्या, सतरा लाखांच्या वर म्हणे. आमच्या घरातून चार गेल्या, बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा सरकारला ईमेल लिहिला. मसुदा आधी फक्त इंग्रजी-हिंदीत होता, कोर्टाने सांगितलं सगळ्या भाषांत करा.

टोचा | ५ जून, ७:५०

सतरा लाख कॉपी-पेस्ट.

सदा_वाचनमात्र | ५ जून, ७:५२

बाबांनी टाईप केला होता. दोन बोटांनी. पाऊण तास.

चांद्याचा | ५ जून, ९:१५

तुमचं निळं आभाळ निळं आभाळ काय चाललं आहे बाप्पा, आमच्या चंद्रपुरात तुमच्याइतकं निळं काही झालं नाही. धुराडी चालूच होती, तुमचं वर्क फ्रॉम होम कशावर चाललं असतं नाहीतर. प्रदूषण आम्ही खाऊन राहिलो, वीज तिकडे, आणि वरून तुम्ही सांगता लोकांना जाणीव नाही.

मे २०२० ची गंमत सांगतो. अमरावती, वर्धा, नागपूरकडे टोळधाड आली. लोक शेतात, गच्चीवर थाळ्या वाजवत होते टोळ हाकलायला. दोन महिन्यांपूर्वी थाळ्या वाजवल्या करोनासाठी, आता टोळांसाठी. माझा साळा म्हणे भाऊजी ताटाला पोचे आले, आता तिसरं संकट नको.

आणि लगेच जून, १८ तारखेला कोळशाच्या ४१ ब्लॉकचा लिलाव सुरू झाला. त्यात एक बंदर, म्हणजे समुद्राचं बंदर नाही, ताडोबाच्या शेजारचा बंदर ब्लॉक. राज्याने हरकत घेतली, तो वगळला. पण गावात दोन तट होते हे कोणी लिहीत नाही. मोठ्या शहरातून परत आलेली पोरं घरी बसून होती ना, हाताला काम नाही. त्यांना तुम्ही वाघ सांगता का कार्बन? आमच्या चौकात एक जण उघड म्हणे, खाण झाली असती तर बरं झालं असतं. तो वाईट माणूस नाही. त्याचं पुण्यातलं काम गेलं होतं.

भोसरीकर | ५ जून, ९:४०

चांद्याचे भाऊ, हा माझाच धागा पुढे नेलात. काम गेलेल्या माणसाला भविष्यकाळ नसतो हो, उद्याचा दिवस असतो.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो. २०२३ ला मी शेडवर सोलर टाकलं. पर्यावरणासाठी नाही, डोंबलाचं पर्यावरण, लॉकडाऊनमध्ये मशीन बंद असून स्थिर आकाराचं बिल येत राहिलं तेव्हाच डोक्यात गेलेलं की कोणाच्या तरी हातात आपली मान नको. हप्ता आणि वाचलेलं बिल जवळजवळ सारखं बसतं. माझ्या गल्लीत अजून तिघांनी टाकलं. आम्हाला कोणी सर्व्हेत विचारलं तर आम्ही हवामानबदल यादीत शेवटून दुसरा टाकू.

आकडेमोड | ५ जून, ९:५५

टोचा, हे बघा, हो न म्हणता पैसे घालणारा माणूस.

टोचा | ५ जून, १०:००

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). एक गुण तुम्हाला.

विलायती_चाफा | ६ जून, रात्री १:२०

इंग्लंडमधून. पोफळवाडींनी लिहिलंय ना, निळं आभाळ म्हणजे घरात बसणं हे गणित, ते इथे चक्क रस्त्यावर उतरलं म्हणून लिहिते.

२०२० च्या उन्हाळ्यात इथल्या सरकारने सायकल आणि चालणाऱ्यांसाठी तातडीचा निधी काढला. कौन्सिलांनी पटापट गल्ल्यांच्या तोंडाशी लाकडी कुंड्या नि खांब लावले, गाडी आरपार जाणार नाही अशा. मला फार आवडलं, मुलगी गल्लीत सायकल शिकली. पण लोकांना नीट विचारलं नव्हतं, आणि तेव्हा लोक आधीच कोणीतरी घरात बसवल्यामुळे चिडलेले. ऑक्सफर्डात खांब तोडले, जाळले पण. मग २०२२ च्या अखेरीस तिथल्या कौन्सिलने सहा रस्त्यांवर कॅमेरे लावून दिवसा खाजगी गाड्या अडवायचं ठरवलं. अडवायचं म्हणजे लांबून रिंग रोडने जा, आणि रहिवाशांना वर्षाला शंभर दिवसांची सूटही होती. पण बातमी पसरली ती क्लायमेट लॉकडाऊन अशी, की माणसाला पंधरा मिनिटांच्या अंतरात कोंडणार, बाहेर पडलात की दंड. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑक्सफर्डात दोनेक हजार लोकांचा मोर्चा निघाला.

माझ्या ओळखीच्या एक रिटायर्ड नर्सबाई त्यात गेल्या होत्या. गाडी नाहीये त्यांच्याकडे, आयुष्यभर बसने फिरल्या, कचरा माझ्यापेक्षा नीट वेगळा करतात. मी विचारलं तुम्ही कशाला? म्हणाल्या, नवरा हॉस्पिटलात गेला तेव्हा मला आत सोडलं नाही, मी ऐकलं, आता कोणी 'सगळ्यांच्या भल्यासाठी' असं म्हटलं की मी आधी नाही म्हणते. मला पुढे काही बोलता आलं नाही. हवामानबदल खोटा आहे असं त्यांना अजिबात वाटत नाही.

पोफळवाडी | ६ जून, ८:१५

चाफा ताई, हे मला सापडत नव्हतं ते तुम्ही लिहिलंत. माझे मित्र पण हवामानबदल खोटा म्हणत नाहीत. त्यांना दचका बसलाय. आपल्याकडे तर लॉकडाऊन म्हणजे चौकात पोलिसाचा दांडका आणि उठाबशा, कोणाला हौस येईल परत. टोचा म्हणतात तशी काळजी गेलेली नाही आणि मी म्हणत होतो तशी फक्त गैरसमजाची पण गोष्ट नाही. हौदाचं उदाहरण मी परवा मित्राला सांगितलं तर त्याला दोन मिनिटांत कळलं, कळल्यावर म्हणाला, "म्हणजे बंद करूनही होत नाही? मग तर काय करायचंच नको." घ्या!

वाशिष्ठीकाठ | ६ जून, १०:३०

चिपळूण. आमच्याकडे दुसरी लाट ओसरते न ओसरते तोच २२ जुलै २०२१. वर महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर, खाली आम्ही. दुकानात गळ्यापर्यंत चिखल, मास्क सगळ्यात आधी फेकला तो परत लावला नाही, त्या दिवसानंतर आमच्या बाजारात करोनाला कोणी घाबरल्याचं मला आठवत नाही. तळियेच्या दरडीची बातमी पण त्याच दिवसाची.

तर वृत्ती बदलली का? बदलली ना. सगळं गाव एक झालं, वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषण केलं, व्यापारी, रिक्षावाले, डॉक्टर सगळे मांडवात, मी दोन दिवस बसलो. गाळ निघालाही बराच. आणि त्याच गावाने निळी नि लाल पूररेषा आली तेव्हा तितक्याच जोरात विरोध केला, कारण त्या रेषेत बांधकाम अडतं, जागेचा भाव पडतो. मी दोन्हीकडे होतो, माझं दुकान निळ्या रेषेच्या आत आहे. मला विचारलंत तर दोन्ही वेळा मी बरोबर होतो असंच मला वाटतं, आता बोला.

सहावा_मजला | ६ जून, ११:०५

वाशिष्ठीकाठ, तुम्ही या धाग्यावरचे सगळ्यात प्रामाणिक.

चांद्याचा | ६ जून, ११:२०

दोघांना मत देऊन आलेला माणूस पहिल्यांदा पाहिला.

टोचा | ६ जून, ११:४०

अवांतर: यंदा तर मुंबईत पाऊस २६ मेलाच आला. माझी छत्री माळ्यावर होती. काळजीचा साठा वगैरे राहू द्या, छत्री कुठे ठेवायची ते सांगा.

सदा_वाचनमात्र | ६ जून, १२:१०

पोफळवाडी, मामांनी पुढे काय केलं वाडीचं? ते राहूनच गेलं.

पोफळवाडी | ६ जून, १:३०

पहिलं वर्षभर काहीच नाही केलं. पडलेल्या पोफळी उचलायला माणसं मिळेनात, मिळाली तर लॉकडाऊन. मग २०२१ ला तौक्ते आलं त्यात उरलेल्या अकरातल्या तीन गेल्या. त्यानंतर त्याने सरळ नव्वद रोपं लावली, श्रीवर्धनी रोठाच (आमच्याकडची सुपारीची जात), वर्षभर केळी मधे लावून सावली दिली. बाहेरच्या अंगाला आता सुरू नि उंडीची दाट रांग केलीय, वारा अडायला. मी विचारलं विमा? तर हसला. यंदा मेमधल्या पावसाने मिरी जरा खराब केली म्हणे, पण पोफळी चांगल्या गळ्याएवढ्या, काही डोक्याच्या वर.

सहावा_मजला | ६ जून, १:४५

माझ्या सासरी गुहागरला चार गुंठे रिकामे पडलेत. रोठाची रोपं कुठून घेतली त्यांनी? संशोधन केंद्रातून मिळतात का?

पोफळवाडी | ६ जून, २:००

निम्मी केंद्रातून, निम्मी शेजाऱ्याच्या रोपवाटिकेतून. आता पाऊस लागलाय तर लगेच विचारायला हवं, नंतर संपतात. मामाचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो, दुपारी दोन ते चार फोन करू नका, झोपतो.